दुकानापुढची ओटी

रास अल खैमाच्या डोंगराखाली एका अरबाबाची, म्हणजे जमीनमालकाची, खजुराची मोठी वाडी होती. वाडीच्या कडेने त्याने आपल्या गड्यांसाठी एका ओळीत घरं बांधून दिली होती. ओळीतलं शेवटचं घर आमचं. पुढे यांचं किराणा दुकान, मागे बिऱ्हाड. साठचं दशक होतं. अमिरात हे नाव अजून कुणाच्या तोंडी नव्हतं, आणि मी रत्नागिरीची नवी नवरी नुकतीच बोटीतून उतरले होते.

घरं बघून मी यांना पहिला प्रश्न विचारला, "खिडक्या कुठे आहेत?"

खिडक्या नव्हत्याच. सगळ्या घरांनी रस्त्याकडे पाठ केलेली. ओढ्यातले गोटे मातीत बसवून उभ्या केलेल्या हातभर जाड भिंती. वर धाबं: खजुराचे ओंडके चिरून केलेले वासे, त्यांवर चटई, चटईवर चोपलेली माती. उजेड यायचा तो छताखालच्या भोकांतून. दारातून आत पाऊल टाकलं की समोर आडभिंत, तिला वळसा घालावा तेव्हा कुठे अंगण. अंगणात खजुराच्या झापांची खोप, तिच्यातून उन्हाळ्यातही वारा खेळायचा. त्या घरांइतकी शहाणी घरं मी नंतर पाहिली नाहीत. आता एसीत बसून हे लिहिणं सोपं आहे म्हणा. तेव्हा मी नाक मुरडलं होतं. आमच्या कोकणातल्या घराला ओटी होती. तिच्यावर बसलं की येणारा-जाणारा दिसायचा, दोन शब्द बोलून पुढे जायचा. इथे बघायला मिळायची ती भिंत, नाहीतर आभाळ.

तरी दुपारी जीव रमायचा. जेवणं होऊन पुरुष आडवे झाले की ओळीतल्या बायका दुकानात यायच्या. तांदूळ, चहा, वाळलेली लिंबं घ्यायच्या आणि मधल्या दाराने सरळ माझ्या अंगणात शिरायच्या. माझ्या बांगड्या चाचपायच्या, मला अरबी शब्द शिकवायच्या, मी चुकले की पोट धरून हसायच्या. शेजारच्या घरात वाडीच्या मुकादमाची म्हातारी बायको राहायची. मला दिवस गेले आहेत हे यांच्याआधी तिला कळलं. ती माझ्या पोटावर हात ठेवून काय काय सांगायची. मला अर्धंच समजायचं, पण बरं वाटायचं.

आणि नेमकं तेव्हाच आमच्या यांना माझी दया आली. बायको घरच्या आठवणीने झुरते आहे, तर तिला घरासारखं काही करून द्यावं. एकही दिवस गवंडीकाम न केलेला हा माणूस दगड वाहून आणू लागला. दुकानाच्या दारापुढे त्यांनी चांगली ऐसपैस ओटी बांधली, वर झापांचं छप्पर घातलं. कडेला जरा वाकडी होती, पण मी कौतुक केलं. खरंच आवडली होती मला.

दुसऱ्या दिवसापासून तिच्यावर पुरुष बसू लागले. सावली होती, वारा होता, हातात आयता चहा. मग घरी जाऊन झोपायचं कशाला? भर दुपारीही ओटी भरलेली. हे खूश. माझ्या अंगणात मात्र कुणी येईना. सामान न्यायला आता नवरे येऊ लागले. माझं काय चुकलं, कुणाला काय लागलं, मला काही कळेना. मीही बाहेर पडू शकत नव्हते, घराला दार एकच, दुकानाचं, आणि त्यापुढे सगळे परके पुरुष. ज्या ओटीवर मी बसायचं, तिच्यावर मी एकदाही बसले नाही.

पोट वाढत गेलं तशी मी घाबरले. एका सकाळी यांना म्हटलं, "मला घरी पाठवा. पहिलं बाळंतपण आहे, इथे पाणी द्यायला बाईमाणूस नाही."

बाळंतपणाला गेलेल्या बायका परत येत नसत हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मग मूल लहान, मग सासूची तब्येत. नवरा सुट्टीला येतो तेवढाच संसार. मला तसला संसार नको होता. पण एकटीने मरायचंही नव्हतं.

"पुढच्या बोटीचं बघतो," हे म्हणाले.

त्याच संध्याकाळी मी धाब्यावर वाळत घातलेली मासळी काढायला गेले. ओळीतली धाबी एकमेकांना लागून होती, मध्ये खांद्याएवढा कठडा. पलीकडे मुकादमाची बायको. मी तिला गाठलंच, दुकानात चालायच्या त्या मोडक्या हिंदीत विचारलं. "खाला, इन्शाल्ला मैं घर जाती. तुम लोग क्यों नहीं आते?"

दुकानाच्या बाजूला हनुवटी उडवून ती म्हणाली, "उधर सब आदमी बैठा. हुरमा किधर से आयेगा?"

हुरमा म्हणजे बाई. मी खाली उतरले ती थेट यांच्यापुढे उभी राहिले आणि सगळं सांगितलं. हे भडकले. "तुझ्यासाठी बांधली मी ती!"

"माझ्यासाठी बांधलीत ना? मग माझ्यासाठी पाडा."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या नमाजानंतर यांनी पहार घेतली. बसलेले लोक उठून विचारू लागले, हबीबी, हे काय? हे म्हणाले, "घर का काम है. खलास." त्याच दगडांची त्यांनी दारापुढे आडभिंत घातली, ओळीतल्या बाकीच्या घरांना दारातून आत होती तशी. तीही वाकडीच झाली.

बायका परत आल्या, बोटीचा विषय कुणी काढला नाही. कळा सुरू झाल्या तेव्हा ओळीतली प्रत्येक बाई माझ्या घरात होती. मी "आई, आई" करत होते. शब्द कळला असेल नसेल, दर वेळी ओ मुकादमाच्या बायकोने दिली. यांना आत यायची परवानगी नव्हती. मुलगी झाल्याचं कुणीतरी जाऊन सांगेपर्यंत हे दुकानाबाहेर जमिनीवर, भर उन्हात बसून होते.