ताटात परत ठेवलेली चिठ्ठी

नव्या वर्षाच्या पहिल्याच सकाळी मी चर्चमध्ये चोरी केली. म्हणजे घेतलं काहीच नाही, उलट परत ठेवलं; पण ज्या बोटांनी ठेवलं ती चोराचीच होती.

आमच्या कर्जतकडच्या चर्चमध्ये एक जानेवारीची उपासना संपली की प्रत्येक घरानं ‘वर्षाचं वचन’ काढायचं, अशी रीत आहे. पाळकीणबाई शास्त्रातली वचनं कागदावर हातानं लिहितात, पट्ट्या कापून त्यांच्या सुरळ्या करतात, आणि पाळकसाहेब पितळेच्या ताटात त्या घेऊन पुढं उभे राहतात. घरातल्या थोरल्या माणसानं डोळे मिटून एक उचलायची. निघेल ते वचन वर्षभर त्या घराचं. कुणी ते फ्रीजवर चिकटवतं, कुणी ट्रॅक्टरच्या काचेवर.

माझ्या हाताला दोन लागल्या. पाळकीणबाईंची कात्री एका ठिकाणी अर्ध्यातच थांबली असावी. दोन पट्ट्या कोपऱ्याला चिकटून एकाच सुरळीत गुंडाळल्या गेल्या होत्या. मी बाजूला सरकून उघडून पाहिलं. एकीवर होतं की तू जाशील तिथं मी तुझ्याबरोबर असेन. छान. दुसरीवर होतं की अर्पण घेऊन वेदीपाशी आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असं तिथं आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग ये.

मी दोन्ही ओढून वेगळ्या केल्या. दुसरीचा कोपरा फाटून पहिलीला चिकटून राहिला. मग रांगेतल्या माणसाला वाट देतोय असं दाखवत ती दुसरी पुन्हा गुंडाळून ताटात ठेवली आणि बोटानं ढिगात खाली सारली. पाळकसाहेबांनी माझ्याकडं पाहून स्मित केलं. मीही केलं.

मी शाळेत मास्तर आहे, आणि रविवारच्या शाळेतही मास्तरच. कुठलं वचन कुणाला लागू पडतं, हे मला चटकन कळतं. शेजारच्या बाकावरच्या माणसाला लागू पडणारं तर फारच चटकन. हे समेटाचं वचन मी मुलांना फळ्यावर वेदीचं चित्र काढून शिकवलेलं आहे. आणि माझा थोरला भाऊ, आमचा दादा, माझ्याशी तीन वर्षं बोलत नव्हता.

कारण सांगायची लाज वाटते. भांडण एका वचनावरूनच झालेलं. आई गेली तेव्हा तिच्या कबरीवरच्या दगडावर काय कोरायचं ते ठरवायला आम्ही दोघं मिरजगावला दगड कोरणाऱ्याकडं गेलो होतो. दादाला मेंढपाळाचं वचन हवं होतं, कारण आईनं उभा जन्म शेळ्या पाळल्या. मला पुनरुत्थानाचं हवं होतं, चांगलं तीन ओळींचं. बोलता बोलता, त्या कारागिरासमोर आणि त्याच्याकडं आलेल्या गिऱ्हाइकांसमोर, मी दादाला म्हणालो, “शास्त्रातलं तुला काय कळतंय? चौथीत शाळा सोडलेली तू.”

त्यानं शाळा सोडली ती शेळ्या आणि मी, दोन्ही सांभाळायला. आई मजुरीला जायची तेव्हा मी त्याच्या पाठीवर असायचो. हे मला माहीत होतं. तरी बोललो. दादा मोटारसायकलवर बसला आणि निघून गेला. दगड तसाच राहिला. आईच्या कबरीवर मातीचा उंचवटा आणि कडेनं चुना फासलेले धोंडे, एवढंच. नाताळच्या आधी मी गवत काढायला जायचो, तर ते आधीच कुणीतरी काढलेलं असायचं.

असो. जानेवारीतला तिसरा रविवार. दादाच्या नव्या बागेला पहिल्यांदाच लिंबं लागली होती. आमच्यात पहिलं फळ चर्चमध्ये आणायचं असतं. अर्पणाचं गीत सुरू झालं की पाटी घेऊन पुढं जायचं आणि वेदीच्या मेजाखाली ठेवायची. दादा मधल्या वाटेनं निघाला. डोक्यावर पाटी, अंगात इस्त्रीचा सदरा. मी गाण्याच्या पुस्तकात तोंड खुपसून बसलो. तो येताना दिसला की मी हेच करायचो. त्या तीन वर्षांत माझी बरीच गीतं पाठ झाली.

पण पावलं थांबली. मी डोळे वर केले. वेदी चार हातांवर असताना दादानं पाटी खाली, भर वाटेत ठेवली. ठेवली आणि तो मागं वळला. सरळ माझ्या बाकापाशी आला.

“चल भायेर.”

मला वाटलं, आता हा मला मारणार. खरंच वाटलं. पन्नाशीला आलेला मास्तर, खिशात लाल पेन, आणि भावाच्या हातचा मार खायला निघालेला. पलीकडं बायकांच्या बाजूला माझी बायको बसली होती. तिनं मानेनंच ‘जा’ म्हटलं.

बाहेर चिंचेखाली दादा उभा राहिला. खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढली, पिशवीतून एक कागदाची पट्टी.

“ह्ये वाच. मला येतंय वाचायला, पर मास्तरकडनं खातरजमा करावी म्हनलं.”

मी पट्टी हातात घेतली. पाळकीणबाईंचं अक्षर. वेदी, अर्पण, भाऊ. आणि वरचा उजवा कोपरा फाटलेला.

आत गीत चालू होतं, एवढं आठवतं. त्या ताटात चाळीस-पन्नास तरी चिठ्ठ्या असतील. मी ही ढिगाच्या तळाशी घातली होती. दादा माझ्यामागं किती माणसं सोडून उभा होता, तेही मी पाहिलं नव्हतं, कारण त्याच्याकडं पाहायचं नाही हा आमचा नेम होता. देवाविषयी मी इतकी वर्षं मुलांना शिकवत आलोय, पण तो इतक्या जवळ, असा हातभर अंतरावर उभा असेल, हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. मी चिंचेला टेकलो.

“पंधरा दिस खिशात घेऊन हिंडतोय,” दादा म्हणाला. “आज लिंबं आनायची ठरली, तवा म्हनलं आता सुटका न्हाई. तुझ्या मनात माझ्याविषयी काय तरी आसंल, म्हनूनच तू बोलत न्हाईस. त्या दिशी मी गाडी काढून तसाच निघून आलो, तुला यष्टीनं यावं लागलं. उन्हाचं. चुकलं माझं.”

ज्याचा अपमान झाला तो माफी मागत होता. यष्टीची! ते वचन ज्याच्यासाठी होतं त्यानं ते परत ठेवलं होतं, आणि ज्याला मिळालं त्यानं, समोरच्याचं काय चुकलं हे बघायला एक क्षणही न थांबता, जसं लिहिलंय तसं केलं होतं. अर्पण तिथंच ठेव म्हटलं, ठेवलं. आधी जा म्हटलं, आला.

“दादा, चूक माझी हाय रे,” मी म्हणालो. एवढंच निघालं तोंडातून. तेही त्याच्या बोलीत. शाळेत मी मुलांना ‘आहे’ म्हणायला लावतो.

“रडू नगंस. आत समदी थांबलीत,” तो म्हणाला आणि स्वतःच्या बाहीनं डोळे पुसायला लागला.

आम्ही आत गेलो तेव्हा अर्पणाचं गीत पहिल्या कडव्यापासून परत चालू होतं. पाळकसाहेबांनी ते तिसऱ्यांदा धरायला लावलं होतं, असं मागून कळलं. पाटीला कुणी हात लावला नव्हता. लोक तिला वळसा घालून पुढं जाऊन आले होते. एक कान दादानं धरला, एक मी. ओझं काहीच नव्हतं. मला मात्र ती उचलवत नव्हती.

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. चिठ्ठी परत ठेवल्याचंसुद्धा. ती भाकरीचं पीठ काढत होती, ती थांबली. मग तिनं विचारलं,

“दादांना सांगितलं हे?”

“नाही. आता कशाला? त्यांना वाटतंय, देवानं त्यांनाच दिलं. उगाच त्यांच्या विश्वासाला धक्का बसायचा.”

तिनं पीठ परत डब्यात ओतलं.

“त्यांच्या विश्वासाचं ते बघतील,” ती म्हणाली. “तुम्ही चपला घाला. जेवायला दादांकडंच येतोय म्हणून वहिनींना आत्ता फोन करते मी.”