फोटोमागची चिमणी

हिवाळ्यात दादरहून माळरानावर पक्षी बघायला निघालेल्या बसमध्ये लालबागचे एक काका माझ्या शेजारी बसले होते. माळावर आम्ही सगळे माना वर करून आकाशात भोवत्या हा शिकारी पक्षी शोधत होतो, तर काका एका रानचिमणीसाठी गवतात पोटावर पडून होते. मला खोकला आला, तेव्हा त्यांनी असे डोळे वटारले की मी तो गिळूनच टाकला.

चहाच्या वेळी मात्र खुशीत येऊन सांगू लागले, "चाळीत वडिलांच्या तिरक्या टांगलेल्या फोटोमागे चिमण्या घरटं करायच्या. रोज काड्यांचा कचरा! शेवटी फोटो भिंतीला सपाट ठोकून टाकला. एकदम क्लीन!"

मग दुर्बिणीची काच पुसत हळहळले, "आता चिमणी बघायला एवढ्या लांब यावं लागतं. लोकांना काही पडलेलीच नाही हो!"