बर्फावरचा एक श्वास

वारज्यातल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात कोवळं ऊन आलं होतं, खाली भाजीवाली मेथीचा भाव ओरडत होती, आणि टीपॉयवर ठेवलेल्या फोनमधून अंटार्क्टिकाचा वारा घोंघावत होता. डॉक्टर हिंमतराव धुमाळ फोनवर असे वाकले होते, जणू कान आणखी जरा पुढे नेला तर बर्फावर पाऊलच पडेल. समोर त्यांच्या पत्नी सरोजिनीबाई मटार सोलत होत्या.

"सर, ती झोपली," फोनमधून राधा म्हणाली. "डोकं खाली टाकलंय. आम्ही जवळ जातोय."

"पिल्लू कुठंय?"

"शेजारीच. ओरडतंय."

ते वारज्यातही ऐकू येत होतं. चुकलेलं वासरू हंबरावं तसा आवाज होता तो. हिंमतरावांचं अर्धं आयुष्य गुरांच्या दवाखान्यात गेलेलं. तो आवाज आला की त्यांचा हात आपोआप पुढे व्हायचा. आता पुढे फक्त टीपॉय होता.

राधा विश्रांतवाडीची. जनावराला भूल द्यायची कशी, हे ती हिंमतरावांच्या हाताखाली शिकली. ते स्वतः ऐन उमेदीत एका मोहिमेबरोबर त्या बर्फावर जाऊन आलेले, म्हणून यंदा तिची निवड झाली तेव्हा तिने एकच अट घातली होती, की पहिल्या खेपेला सर फोनवर पाहिजेत.

काम सांगायला सोपं. तिथल्या सीलमाद्या समुद्रावर गोठलेल्या बर्फावर वितात आणि तिथंच पिलाला पाजतात. बर्फ उशिरा धरला किंवा लवकर फुटला की त्याची पहिली खूण आईच्या अंगावर दिसते, चरबी उतरते. म्हणून दरवर्षी काही माद्यांना गुंगी देऊन लांबी, घेर आणि चरबीचा थर मोजायचा, थोडं रक्त घ्यायचं.

अवघड गोष्ट एकच. भूल दिलेली गाय श्वास घेत राहते, कुत्रं घेत राहतं. सील मात्र कधीकधी पाण्यात बुडी मारल्यासारखा श्वास रोखून धरते. बहुतेक वेळा पुन्हा घेते. काही वेळा घेत नाही. जवळ उतारा असतो, तो टोचला की ती जागी होते. पण जाग आली की दात आले आणि काम तिथंच संपलं. घाई केली तर सगळी मेहनत पाण्यात. उशीर केला तर आई गेली, आणि आईमागे ते पिल्लूही.

"सर, श्वास थांबला."

सरोजिनीबाईंचा हात शेंगेवर थांबला.

"छातीवर हात ठेव," हिंमतराव म्हणाले. "ठोके?"

"हळू आहेत. पण सारखे पडतायत."

"हिरड्या?"

"गुलाबी."

"पापणीच्या कोपऱ्याला बोट लाव."

वारा. पिल्लू. मग, "हलली, सर."

"मग थांब. उताऱ्याची सुई हातात धर, पण टोचू नकोस. ती रोखून धरतीय. विसरलेली नाही."

हे 'विसरलेली नाही' कुठून आलं, ते घरात दोघांनाच ठाऊक होतं. तरुणपणी दवाखाना आटोपला की हिंमतराव सायकल हाणत सदाशिव पेठेतल्या तालमीला जायचे. रंगमंचावर उभं राहायला छाती व्हायची नाही, म्हणून विंगेत संहिता घेऊन बसत आणि नट अडखळला की त्याला वाक्य पुरवत. तिसरी घंटा झाली की या माणसाच्या तळहातांना घाम फुटायचा. एकदा स्पर्धेत सरोजिनी आईची भूमिका करत होती. मुलगा गेल्याची बातमी येते आणि आई गप्प होते, असा प्रसंग. तिने तो विराम असा काही लांबवला की सगळं थिएटर जागच्या जागी थिजलं. हिंमतरावांना वाटलं, बाई वाक्य विसरली. त्यांनी ते विंगेतून पुरवलं, तेही तिसऱ्या रांगेला ऐकू जाईल असं. मागून एक पुणेकर शांतपणे म्हणाला, "बाई, ते काय म्हणतायत बघा जरा."

नाटकाचं बक्षीस गेलं, लग्न मात्र जमलं. पण तेव्हापासून हिंमतरावांनी एक गोष्ट गाठीला बांधली. घाई करायची नाही. जनावर असो की नट, शांतता भंगायची नाही. विद्यार्थ्यांच्या मनावर त्यांनी वर्षानुवर्षं हेच बिंबवलं.

"अजून नाही, सर," राधाचा आवाज कोरडा पडला होता. "खूप वेळ झाला. मला वाटतं..."

आणि वारा बंद झाला.

हिंमतरावांनी फोन उचलला, हलवला, पुन्हा लावला. लागेना.

"उपग्रहाची लाईन आहे. जाते अधूनमधून," ते म्हणाले.

"काय सांगितलंत तिला?"

"ऐकलंस की. थांब म्हणालो."

"कधीपर्यंत?"

हिंमतरावांनी पुन्हा फोन लावला. तेच सांगायचं राहिलं होतं. हिरड्यांचा रंग फिरला तर थांबू नकोस, ठोका अडखळला तर माझी वाट बघू नकोस, हे पुढचं वाक्य त्यांच्या जिभेवर होतं आणि ते तसंच राहिलं.

"थांबेल ती?" सरोजिनीबाईंनी विचारलं.

"माझी विद्यार्थिनी आहे. थांबेल."

एरवी हे वाक्य त्यांनी अभिमानाने म्हटलं असतं. आज ते म्हणताना त्यांचं तोंड उतरलं. शिस्तीची पोर. सर थांब म्हणाले म्हणून उतारा हातात धरून ती उभी राहील, आणि तिच्या पायाशी...

दारावरच्या इंटरकॉमने दचकवलं. सरोजिनीबाईंनी उचलला. खालचा रखवालदार संभाजी होता.

"मॅडम, डॉक्टरांची गाडी आडवी आलीय. टँकरवाला खोळंबलाय. जरा मागं घ्यायला सांगता का?"

"डॉक्टर अंटार्क्टिकावर आहेत."

"आं? मग किल्ली तर द्या."

"किल्लीही घेऊन गेलेत. थांबायला सांगा त्याला. आज सगळेच थांबलेत." आणि त्यांनी इंटरकॉम ठेवला.

मग त्या उठून नवऱ्याशेजारी येऊन बसल्या. हिंमतराव फोन लावत होते, कट होत होता, पुन्हा लावत होते. खाली टँकरचा हॉर्न वाजला. त्यांच्या तळहातांना घाम आला होता.

फोन वाजला तो त्यांच्या हातातच. आधी वारा. मग पिल्लू, अजून हंबरणारं. त्या आवाजाने हिंमतरावांनी डोळेच मिटले. आई उत्तर देत नव्हती.

आणि मग एक जाड, ओला फुत्कार आला. नाकपुड्या उघडून कुणीतरी समुद्रभर हवा आत ओढत होतं. थोड्या वेळाने आणखी एक.

"सर," राधा म्हणाली. "मी थांबले नाही."

"बोल."

"हिरड्या करड्या व्हायला लागल्या. मग एक ठोका चुकला. मी उतारा दिला. तुम्ही नको म्हणाला होतात, पण तुमचा फोन लागेना. रक्ताची एकच नळी मिळाली. लांबी, घेर झाला, चरबीचा थरही मोजला. बाकी राहिलं. सॉरी, सर."

"थर कसा आहे?"

"पातळ. गेल्या वर्षी इथल्या आया चांगल्या गोल होत्या म्हणे. यंदा बर्फ उशिरा धरला. हिच्या पाठीचा कणा हाताला लागतो."

"राधा, मी तिथं असतो तर तुला आणखी थांबवलं असतं."

"म्हणजे माझं चुकलं?"

"म्हणजे मी इथं होतो ते बरं झालं."

"लाईन तुटली ते बरं झालं म्हणा," सरोजिनीबाई म्हणाल्या. पलीकडे राधा हसली, हसता हसता तिने नाक ओढलं. बहुधा थंडी असावी.

"तुझ्यासाठी एवढंच," हिंमतराव म्हणाले, "उद्या दुसरी मादी घ्याल तेव्हा रंग फिरायची वाटसुद्धा बघू नकोस. इतक्या रोडक्या अंगात राखून ठेवलेलं काही नसतं. हे मी तुला शिकवायला हवं होतं."

"उद्या तुम्ही फोनवर असाल ना?"

हिंमतरावांनी बायकोकडे पाहिलं. ती पुन्हा मटार सोलायला लागली होती आणि मुद्दाम त्यांच्याकडे बघत नव्हती.

"असेन," ते म्हणाले. "तू विचारलंस तर बोलेन."

फोनमधला हंबरडा एकाएकी थांबला. हिंमतराव ताठ झाले.

"काय झालं? राधा?"

"काही नाही, सर. ती कुशीवर वळली. पिल्लू प्यायला लागलंय."

त्यांना विचारायचं होतं, दूध उतरतंय का, किती वेळ पितंय, पाठीला वारा लागतोय का. तोंड उघडलं, आणि त्यांनी ते मिटलं. दोघं नवरा-बायको त्या वाऱ्याखालची शांतता ऐकत बसली. ती कुणीच मोडली नाही.

मोडली ती इंटरकॉमने.

"मॅडम, डॉक्टर आले का?"

"आले," सरोजिनीबाई म्हणाल्या, आणि हिंमतराव गाडीची किल्ली शोधू लागले.