आमच्या मामांच्या घरी महाराज हयात आहेत

अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात महाराज अजून हयात आहेत असं धरून चालणारा एकच माणूस आहे, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा आहे. वेडबीड काही लागलेलं नाही हो त्यांना! सबंध नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून केली, हुपरीच्या गाडीत पायरीपर्यंत माणसं कोंबून हसतखेळत पोचवली. कुठला किल्ला कधी घेतला, कुठला तहात दिला, तो परत कसा मिळवला, सगळं तोंडपाठ. फक्त शेवटाबद्दल त्यांच्यासमोर बोलायचं नाही. महाराजांवर आलेला प्रत्येक सिनेमा ते बघतात, एकही मालिका सोडत नाहीत, कादंबऱ्या तर रात्रंदिवस वाचतात आणि शेवट यायच्या आत उठतात. पडद्यावर महाराजांना पहिला खोकला आला, की मामांचे पाय थेटरच्या अंधारात चपला चाचपायला लागतात. आजवर त्यांनी एकाही महाराजांना मरू दिलेलं नाही.

लग्नानंतर पहिल्यांदा उचगावला त्यांच्याकडे जेवायला गेलो, तेव्हा टीव्हीवर मालिका चालू होती. नव्या जावयानं काहीतरी गोड बोलावं म्हणून मी म्हणालो, "महाराजांचं काम बरं करतो हा." झालं! मामांनी हातातली भाकरी खाली ठेवली. "पावणं, दंड बघा की त्येचं! महाराज गड चढायचं का जिमला जायचं?" मग तासभर माझी शिकवणी झाली. मामांच्या लहानपणीच्या काळ्यापांढऱ्या महाराजांना चांगलं सुटलेलं पोट होतं, पण नजर अशी, की पुढच्या रांगेतला माणूस बिडी विझवायचा. पुढं एक महाराज आले, त्यांना नजर होती, पण घोडा येत नव्हता. हल्लीच्यांना घोडा येतो, पण नुसतं वळून बघायचं म्हटलं तरी तीन मिनिटं लागतात, वर वाऱ्याला पंखा सोडलेला. "तेवढ्यात गनीम जेवून परत जाईल की!" माझ्या वाटीतला तांबडा रस्सा निवून गेला, पण उठायची सोय नव्हती. मालिकेतल्या महाराजांच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा मामांनी नटाला एक कचकचीत शिवी घातली आणि लगेच त्याच चेहऱ्याला हात जोडून नमस्कार केला. शिवी नटाला, नमस्कार महाराजांना. आपल्या घरात ही वाटणी सगळ्यांना कळते, अशी त्यांची समजूत आहे.

आमच्या भागात शूटिंग आलं की मामा बिनबोलावता हजर. एकदा एका माळावर लढाई चालली होती. शत्रूच्या सरदाराला दिलेला पांढरा घोडा बघताक्षणी मामांनी दिग्दर्शकाला गाठलं आणि सांगितलं, "सायेब, ह्यो घोडा बदला. ह्यो उचगावच्या वरातीतला हाय." दिग्दर्शक मुंबईचा. त्यानं हसून मामांना दोरीच्या बाहेर उभं केलं. पुढं युद्धाला जोर यावा म्हणून कुणीतरी हलगी वाजवायला सांगितली मात्र, घोड्यानं मान वेळावली, पुढचे दोन्ही पाय उचलले आणि जो ठेका धरला म्हणता! दाढीमिशा लावलेला तो सरदार तलवार सोडून आयाळ धरून नवरदेवासारखा डुलतोय, भोवती दोन्ही बाजूंचं सैन्य पोट धरून बसलंय. मामा मात्र घोड्यावर बेहद्द खूश. "आपल्या गावचा हाय त्यो. दुश्मनाला पाठीवर घिऊन लढंल व्हय?"

हे सगळं हसण्यावारी जात होतं, तोवर गेलं. गेल्या वर्षी मात्र प्रकरण घरात शिरलं. मामांची नात ऋतुजा कॉलेजात आहे. तिच्या कॉलेजच्या एकांकिकेत महाराजांची भूमिका तिला मिळाली, कारण निवडीच्या दिवशी मुलांतल्या कुणालाच महाराजांसारखं बसता येईना. तिला येत होतं. लहानपणापासून मामांनी शिकवलेलं! "काठावर बसलीस की कारकून दिसतीस. पाठ टेकायची न्हाय, खांदं पाडायचं न्हाईत. बसल्यावर खोली आपली वाटाय पायजे." महिनाभर दोघांनी सोप्यात बसण्याउठण्याची तालीम केली. नाटक राज्याभिषेकाचं आहे, असं तिनं आजोबांना सांगितलं होतं. एक दिवस संवाद बघायला म्हणून मामांनी वही हातात घेतली आणि तिसऱ्याच पानावर त्यांना खोकला भेटला. नाटक महाराजांच्या अखेरच्या दिवसांचं होतं.

मग काय विचारता! "महाराजांस्नी मारायला माझ्याच घरातली पोरगी गावली व्हय?" असं म्हणून त्यांनी वही खाली ठेवली आणि नातीशी बोलणं टाकलं. ऋतुजाही त्यांचीच नात. ती म्हणाली, "मी काम करणार. पण आजोबांनी बघितलं न्हाई, तर ते केलं असं मला वाटणार न्हाई." प्रयोगाला चार दिवस उरले, तेव्हा घरच्यांनी मला पुढं केलं. जावयाला मामा हाकलून देणार नाहीत, एवढीच माझी लायकी.

मामा मागच्या अंगणात म्हशीला वैरण घालत होते. मी दहा मुद्दे पाठ करून गेलो होतो. त्यांनी मला पहिलाच मुद्दा पुरा करू दिला नाही.

"आमच्या आप्पांना वाचाय येत न्हवतं," ते म्हणाले. आप्पा म्हणजे त्यांचे वडील, कागलकडचे शेतकरी. "आजारी पडल्यावर मी ड्युटीवरनं आलो की त्यास्नी महाराजांची कादंबरी वाचून दावायचो. ही एवढी जाड. दोन प्रकरणं राहिलती. आप्पा म्हणालं, आज दमलायस, उरलेलं उद्या वाच. सकाळी हाक मारली, तर उठलंच न्हाईत." त्यांनी म्हशीपुढची वैरण खालीवर केली. "आप्पा गेलं तवा महाराज जित्तं हुतं, पावणं. त्यांच्या मागारी मी कशाला मारू?"

माझे दहाही मुद्दे मी तिथंच सोडून दिले. मला एकदम फार वाईट वाटलं. इतकी वर्षं आम्ही सगळे या माणसाच्या चपला शोधण्यावर हसत आलो होतो. शेवटी एवढंच बोललो, "मामा, रविवारी दुपारी चारला आहे. तिनं तुमची खुर्ची धरून ठेवलीय."

आले. इस्त्रीची पांढरी टोपी, पांढरा सदरा. बसले मात्र अगदी दाराशी, "उठाय बरं पडतंय" म्हणून. मी शेजारी. पडदा वर गेला आणि दाढी लावलेली ऋतुजा पलंगावर उठून बसली. पाठ टेकलेली नाही, खांदे पडलेले नाहीत. आजारी होते ते, पण खोली त्यांची होती. मामांच्या तोंडून नकळत "वा!" निघालं. मग तो खोकला आला. मामांचा उजवा पाय चपलेत गेला. डावाही गेला. ते अर्धे उठले. मी मनात म्हटलं, संपलं, आता पोरीला काय तोंड दाखवायचं?

स्टेजवर महाराज कुणाला तरी म्हणत होते, "दमला असाल. बसा थोडं."

मामा बसले. माझं मनगट त्यांनी असं आवळलं, की दोन दिवस वळ होते. महाराज गेले, दिवा मंद झाला, आणि त्या चिडीचूप सभागृहात मामा लहान पोरासारखे मोठ्यानं रडले. "आप्पा," म्हणाले, "आप्पा गेलं की ओ!" लोक वळून बघत होते, पण त्या दिवशी मला त्याची लाज वाटली नाही.

नंतर आम्ही रंगपटात गेलो. ऋतुजा दाढीसकट धावत आली आणि दोन हातांवर थबकली. "आजोबा, कुठं चुकलं?" तिनं विचारलं. चुका काढण्यात ज्यांनी आयुष्य घालवलं, त्या मामांनी दोन्ही हातांनी तिचं तोंड धरलं.

"काय न्हाय चुकलं," ते म्हणाले. "आता माझ्या डोळ्यांदेखत गेलीस, आन् लगेच पळत समोर आलीस. एवढं कुणी केलं न्हवतं गं माझ्यासाठी."