उजवीकडचा तानपुरा

मी संगीतात एम.ए. करत होते तेव्हा आमच्या बाईंची वाशीला मैफल ठरली आणि मागे तानपुऱ्यावर बसायला त्यांनी मला बोलावलं. डावीकडे वर्गातली माझी मैत्रीण, उजवीकडे मी. तानपुरा छेडणं हे निम्मंच काम. गाताना बाई मध्येच थांबतात, आमच्यापैकी एकीकडे मान वळवून तळहात उघडतात, आणि तिने तेवढ्यात एखादा आलाप घ्यायचा. घटकाभराचं राज्य. पण समोर आयोजक बसलेले असतात, कार्यक्रम मिळायला सुरुवात तिथूनच होते. मला गाणारीच व्हायचं होतं. घरोघरी शिकवण्या घेत फिरणारी नाही.

हे सगळं मी बाबांना सांगितलं आणि स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला. आम्ही ऐरोलीच्या खाडीकाठचे कोळी. त्यांनी निम्मा गाव गोळा केला. आत्या, काकू, शेजारणी, सगळ्या अबोलीचे गजरे माळून पुढच्या रांगांत.

भीमपलास सुरू झाला. बाईंचा हात उठला, मैत्रिणीकडे. ती गायली. बऱ्याच वेळाने पुन्हा उठला. मी श्वास भरून घेतला, तोंडसुद्धा उघडलं. पुन्हा तिच्याचकडे. भरलेला श्वास सोडायचा कुठे तेच मला कळेना. मग द्रुत झालं, भैरवी झाली, टाळ्या झाल्या. माझा आवाज त्या सभागृहात कोणी ऐकलाच नाही.

बाहेर आल्यावर आत्याने माझ्यावरून कडाकडा बोटं मोडली. "एवरा मोठा भोपला पोरीनं कवरा येल धरला गो! हात नाय दुखला?" सगळ्या हसल्या, मीही हसले. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

बायका टेम्पोने गेल्या. मी बाबांच्या स्कूटरवर मागे बसले.

"बाईंचा हात दोनी खेपेला तिचेकरं गेला," सिग्नलला थांबल्यावर ते म्हणाले, वळून न बघता.

म्हणजे त्यांनी पाहिलं होतं. इतक्या माणसांत फक्त त्यांनीच. मला रडू आवरेना.

"खरं सांग बाय. ती पोर तुज्यापेक्षा बरी गाते का?"

दुसऱ्या कोणी विचारलं असतं तर तिचा वशिला आहे असं मी बेधडक सांगितलं असतं. बाबांशी खोटं बोलणं मला कधी जमलं नाही.

"हो," मी म्हणाले. "खूप."

आता ते म्हणतील, काय पन बोलू नको, माज्या पोरीवानी कोन गाते? कुठलाही बाप म्हणाला असता. मला तेवढंच ऐकायचं होतं, खोटं का असेना. सिग्नल सुटला, मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या.

"मंग बाईंनी बराबर केलं," बाबा म्हणाले आणि त्यांनी स्कूटर पुढे काढली.