रक्तातला आकडा आणि अंगातला सदरा

डॉक्टरांनी कागद पालथा ठेवला आणि यांना सांगितलं, "कॅन्सर आहे. हाडांपर्यंत गेलाय." मी पदर सारखा केला आणि भिंतीवरच्या पालीकडे बघत बसले. ती हलत नव्हती, मीही नाही.

आम्ही पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेले मराठी. आमच्या यांचं कुंभकोणमला रेशमी साड्यांचं दुकान आहे. माल तिरुभुवनम्‌च्या विणकरांकडून येतो. कंबर दुखते म्हणून आम्ही कितीतरी तेलं चोळली. शेवटी एक्स-रेत हाडांवर डाग दिसले. मग रक्त काढलं आणि बर्फात ठेवून रेल्वेने मद्रासला धाडलं.

तपासणीचं नाव ॲसिड फॉस्फटेज. पुरुषांच्या मूत्राशयाखाली प्रोस्टेट नावाची ग्रंथी असते. तिचा कॅन्सर पसरला की हा पदार्थ रक्तात वाढतो आणि औषध लागू पडलं की उतरतो. कुणाच्या घरी हे दुखणं आलं, तर एवढं नीट समजून घ्या.

औषध होतं स्टिलबेस्ट्रॉलच्या गोळ्या. डॉक्टर म्हणाले, "हा रोग पुरुषाच्या हार्मोनवर पोसतो. या गोळ्या बायकांच्या हार्मोनसारख्या, त्याचं अन्न तोडतात." दुखणं थांबलं. आकडा उतरला. हे पुन्हा दुकानात बसू लागले. शेजारणी म्हणाल्या, देव पावला. मी हो म्हटलं आणि तांदूळ धुवायला घेतले. आत काहीच हललं नाही.

मग यांनी देऊळ सोडलं. आमच्याकडे पुरुष सदरा काढून, उघड्या अंगाने देवापुढे जातात. विठोबाच्या भजनालाही तसेच बसतात. हे झांजा वाजवायचे, तेही बंद झालं. विचारलं तर म्हणायचे, बसवत नाही. मला ते खरं वाटलं.

पुढच्या खेपेला आकडा पुन्हा चढला. डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या चुकतात का?" हे म्हणाले, नाही. "मग माझ्याकडे फारसं काही उरलं नाही," डॉक्टर म्हणाले.

घरी आल्यावर यांनी दार लोटलं आणि सदऱ्याची बटणं सोडली. छाती वयात येणाऱ्या मुलीसारखी फुगली होती.

"मात्रै टाकून देतों मी," हे गोळ्यांच्या डबीकडे बोट दाखवत म्हणाले. "हें अंग घेऊन देवापुढें कसा उभा राहूं?"

इतके दिवस बधिर होते, ती मी एकदम भडकले. "देवापुढें नका जाऊं," मी म्हटलं. "मजपुढें राहा!"

हे खाली बसले. मी गोळी आणि पाणी आणलं. यांनी ती माझ्यादेखत गिळली.

आकडा परत उतरला. किती दिवसांसाठी, ते डॉक्टर सांगत नाहीत, मीही विचारत नाही. त्यांचे उपकार आहेतच. पण तुम्हांला सांगते, आकडा चढला तर आधी आपल्या माणसाला जवळ बसवून विचारा, त्याला लाज कशाची वाटते.

आता आम्ही साक्कोट्टैच्या शिवालयात जातो. हे सदरा घालून गोपुराबाहेर थांबतात. मी आत जाऊन विभूती आणते आणि भर रस्त्यात यांच्या कपाळाला लावते. नवऱ्याला बायको अशी विभूती लावते म्हणून लोक वळून बघतात. बघेनात का! माझा माणूस उभा आहे.