काळ्या गाद्या, पांढरा ठिपका

निवृत्तीनंतर माझी पोस्टिंग बिडकीनजवळच्या एका कारखान्यावर झाली. पोस्टिंगच म्हणतो, सवय जात नाही. मी सिक्युरिटी सुपरवायझर. हाताखाली फुलंब्रीचा नायक रंगनाथ काळे. पलटणीतही तो माझ्याच मॉर्टार डिटॅचमेंटमध्ये, म्हणजे उखळी तोफेच्या तुकडीत होता. तोफेची जड बेसप्लेट खांद्यावर घेऊन आम्ही किती डोंगर चढलो, देव जाणे.

दुष्काळाचं वर्ष होतं. ज्वारीच्या रानांत नवे शेड उभे राहत होते आणि पाणी टँकरनं येत होतं. टँकर गेटवर थांबवायचा, गार्डनं शिडीनं वर चढून झाकण उघडायचं, भरलेला आहे ना ते बघायचं, मगच आत सोडायचा. हा रोजचा शिरस्ता.

माझी मान भयंकर दुखायची. रंगनाथच्या हातांना मुंग्या यायच्या. शहरात जाऊन दोघांनी एमआरआय काढला. डॉक्टरबाईंनी फिल्म उजेडावर धरल्या.

"मणक्यांमधल्या या गाद्या. त्यांत पाणी असलं की पांढऱ्या दिसतात. तुम्हा दोघांच्याही सुकून काळ्या पडल्यात."

"दुष्काळ मानंत बी शिरला म्हणायचा," रंगनाथ म्हणाला.

माझी झीज वयाची निघाली. व्यायाम करा, म्हणाल्या. त्याची मात्र एक गादी मागं सरकून मज्जारज्जूला दाबत होती, आणि त्या रज्जूत पांढरा ठिपका होता.

"पांढरं म्हंजी पाणी. चांगलंच की," तो म्हणाला.

"गादीत चांगलं. रज्जूत ती इजा असते. शर्टाची बटणं लावता येतात?"

"येतात."

"खोटं बोलू नकोस," मी म्हणालो. हल्ली त्याची बटणं त्याची बायको लावून देत होती.

ऑपरेशन लवकर करा, बाईंनी बजावलं. तोवर पडायचं नाही; एका हिसक्यानं हातपाय जातील.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "उस्ताद, लई दुखतं ते तुम्हाला. मला तर दुखतच नाय. एवढा उन्हाळा काढतो, मग ऑपरेशनचं बघू."

फौजेत आम्ही हेच शिकलो होतो. सिक रिपोर्ट केला की मेडिकल कॅटेगरी घसरते, म्हणून दुखणं गिळायचं. आता कंपनी अनफिट ठरवून घरी बसवेल, ही त्याला धास्ती.

"टँकरवर चढायचं नाही. ऑर्डर आहे."

"व्हय, उस्ताद."

एका दुपारी मी मागच्या गेटवर होतो. वॉकीटॉकी खरखरला.

"साहेब, मेन गेट. काळे टँकरवरून पडले."

"मान हलवू नका. कुणी उचलू नका. ओव्हर."

निरोप देणारा जोडीदार गार्ड तेव्हा जेवायला गेलेला, ड्रायव्हरची घाई, म्हणून हा चढला होता. शिडीचा दांडा हातातून सुटला. हातांत पकडच उरली नव्हती.

मी पळत पोचलो तेव्हा त्याचे डोळे उघडे होते. "उस्ताद, माझे पाय सरळ हायेत का?"

"सरळ आहेत," मी म्हणालो. एक पाय अंगाखाली दुमडलेला होता.

आयसीयूतून तो परत आला नाही. फुलंब्रीच्या स्मशानात पलटणीतले आम्ही मोजके जण होतो. सॅल्यूट केला तेव्हाही मला त्याचा राग येत होता. अजून येतो.

पलटणीच्या स्मारकावर त्याचं नाव कोरलं जाणार नाही. पाण्याच्या टँकरवरून पडलेल्यांना तिथं जागा नसते. म्हणून मी इथं लिहितो: नायक रंगनाथ काळे, मॉर्टार प्लाटून. ड्यूटीवर गेला.